गवयाच्या बायकोस

ती. मामीस,

साष्टांग नमस्कार. (या वेळी आठही अंगं खरोखरच लाजेनं जमिनीला टेकली आहेत.) तुझ्या गुडघ्याला नवं तेल लागू पडलं का? मी बरी आहे, म्हणजे जेवते, झोपते आणि आरशात बघायचं टाळते.

तुझा निरोप आईकडून मिळाला. मामा माझ्याकडून परत आला तेव्हापासून गात नाही, पोरीनं त्याला केलं तरी काय, असं तू विचारलंयस. सांगते. जरा लांबून सांगावं लागेल, कारण आमच्या तत्त्वज्ञानात जवळून काहीच सांगता येत नाही.

मी विद्यापीठात नेमकं करते काय, हे तू नेहमी विचारायचीस आणि मी नेहमी चहा मागायचे. विभागाच्या वेबसाइटवर माझ्या फोटोखाली लिहिलं आहे, 'संशोधनाचे विषय: आत्मवंचना आणि श्रद्धेचं नीतिशास्त्र'. म्हणजे एखादी गोष्ट खोटी आहे हे आत कुठंतरी माहीत असूनही माणूस ती खरी कशी मानतो, हा माझा प्रश्न. त्याला उदाहरण लागतं. इतरांनी राजे, सेनापती वगैरे घेतले होते. मी एक बाई घेतली. तिचा नवरा रोज संध्याकाळी गातो, बेसूर गातो, शेजारी खिडक्या लावून घेतात, आणि गाणं संपलं की ती हात पुसत बाहेर येऊन म्हणते, "आज आवाज लागला होता हं." (नाव घातलं नव्हतं, मामी. नाव नसलं की कोणी दुखावत नाही अशी माझी समजूत. तीही आत्मवंचनाच.)

माझं तेवढंच एक लिखाण चाललं. 'गवयाची बायको' म्हणून तू आमच्यात चांगलीच प्रसिद्ध आहेस. एका परिसंवादात तुझ्या कानात कापूस घालून पाहिला, दुसऱ्यात तुलनेसाठी तुला सुरेल नवरा देण्यात आला. (तो कुणालाच आवडला नाही.) एका संशोधिकेनं तर तू अस्तित्वातच नसलीस तरी युक्तिवाद टिकतो असं दाखवून दिलं. तुझ्या जोरावर मी प्राध्यापक झाले, आणि त्याच निमित्तानं विभागानं माझं व्याख्यान ठेवलं.

मामा न कळवता आला. इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला. मी उदाहरणाची पानं बाजूला काढली. पण उदाहरण वगळलं तर व्याख्यानात उरतं काय? स्वागत आणि आभार. तेव्हा सांगितलं. आणि मामी, सगळ्यांत मोठ्यानं मामाच हसला, शेजारच्या विभागप्रमुखांच्या मांडीवर थाप मारून. खिडक्यांचा भाग तर त्याला इतका आवडला की चहाच्या वेळी त्यानं तो आणखी दोघांना रंगवून सांगितला. मला वाटलं, सुटले.

मग त्याला बसपर्यंत सोडायला गेले. वाटेत म्हणाला, "बिचारा. कुणीतरी सांगायचं ना त्याला." थोडं चालून थांबला. "अगं, ही पण तेच म्हणते. आज आवाज लागला होता."

या एका वाक्यावर मी तास तास बोललेली आहे. त्या क्षणी मी विचारलं, खिडकीजवळची जागा मिळेल ना? तो म्हणाला, बघू. बस आली. त्यानं मागं वळून हात केला नाही, आणि मला ते बरं वाटलं, याची लाज सगळ्यांत जास्त वाटते.

तुझी,
तोंड लपवून बसलेली भाची

ता. क. वरचं सगळं माफी म्हणून वाचलंस तर ठीकच, पण खरं काम वेगळं आहे. तुझं ते वाक्य आता चालणार नाही, नवं लागेल. मी बसून बरीच केली, पण प्रत्येकाला तळटीप लागते. शेवटी एकच जमलं: "परत म्हणा ना." यात खोटं काहीच नाही. (तोटा एवढाच, की तो परत म्हणेल.) आज संध्याकाळीच म्हण. घर असं गप्प ठेवू नकोस.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना सुचलं. इतके परिसंवाद झाले, पण त्या बाईला ते गाणं नुसतं आवडत असेल, असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. तसं असेल तर मामाला लगेच सांग. मला मात्र कळवू नकोस. तुझ्यावरचं पुस्तक छापायला गेलं आहे.