पट्ट्याकडून पहिली कॉइल

बाबा, गेल्या सोमवारी मी गाडीची कॉइल बदलली. माझ्या हातानं, आमच्या घरापुढच्या खळ्यात, भर दुपारी. तुम्हाला ते ऐकायला आवडलं असतं, म्हणून पोरीच्या औषधाच्या फायलीतले दोन कोरे कागद काढून बसल्ये. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हा मी पंधराची होते. माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे, आठवीनंतर ते जिथे होतं तिथेच राहिलंय, तेव्हा चिडू नका.

तुम्ही ह्यातल्या कोणालाच बघितलं नाही, म्हणून आधी ते सांगते. मला पूर्णगडच्या बाजूला दिलं. नवरा बोटीवर असतो, सात-आठ महिने समुद्रात आणि मग दोन महिने घरी. माणूस चांगला आहे, सुट्टीत आला की मला सड्याच्या मोकळ्या माळावर नेऊन गाडी शिकवली त्यानं. घरात मी, सासूबाई आणि माझी पोर. ती साडेतीन वर्षांची आहे आणि तिला धाप लागते. आंब्याला मोहोर आला की बागाबागांतून फवारणी सुरू होते, तो वास वाऱ्याबरोबर घरात येतो आणि ही खोकायला लागते. मग छाती वाजते, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. पंप आहे, वाफेचं मशीन आहे, पण दोनदा त्यानंही भागलं नाही आणि रत्नागिरीला नेऊन ऑक्सिजन लावायला लागला. पहिल्या वेळी मी तिला खांद्यावर टाकून ॲम्ब्युलन्सची वाट बघत रस्त्यावर उभी होते. किती वेळ ते मला आजही सांगता येत नाही. त्यानंतर आम्ही ही जुनी गाडी घेतली, पेट्रोलची, तीन सिलिंडरची. वाडीतल्या लोकांना ती हौस वाटते. मला ती दारात उभी दिसली की झोप लागते, एवढंच.

आणि ऐन मोहोरात तीच गाडी मिसिंग मारायला लागली. उभ्या उभ्या थरथरायची, उकळत्या टोपावर झाकण थरथरतं तशी. चढाला ओढ नाही. मागून कच्च्या पेट्रोलचा वास. आणि समोर तो इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुक करायचा. तुम्ही म्हणायचात, दिवा नुसता लागला तर हळूहळू घरी जा, लुकलुकला तर अंगावर काढू नको. रोज सकाळी उठून आधी पोरीच्या छातीला कान लावायचा आणि मग गाडी चालू करून बघायची, हेच माझं काम झालं.

माझा दीर जयगडला बंदरात कामाला आहे, रविवारचा घरी येतो. त्यानं स्टिअरिंगखाली एक छोटी डबी खुपसली आणि मोबाइल बघत बसला. मी म्हटलं, "भावोजी, जरा बॉनेट उघडून आवाज तरी ऐका."

"वयनी, कान लावायचे दिवस गेले. आता मोबाइल बोलतो."

"काय बोलतो?"

"सिलिंडर एक. एक नंबरला मिसफायर. कॉइल गेली, ठिणगीच पडत नाही. सोप्पं काम."

पुढच्या रविवारी तो नवी कॉइल घेऊन आला, बसवली, हात झटकले आणि गाडी चालू केली. गाडी तशीच थरथरत होती. मग तो बॉनेट लावून म्हणाला, "इंजिनच गेलंय. खोलायला लागेल. येत्या रविवारी गॅरेजला टाकतो, आठ-दहा दिवस जातील."

"आणि तेवढ्यात पोरीला काय झालं तर?"

"रिक्षा आहे की वाडीत."

"ती दिवसभर पावस गावच्या नाक्यावर असते."

सासूबाई ओसरीवर बसून कोकमाची सोलं निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मेल्या, इंजिन गेलं म्हणतोस, मग आत्ता देवळापर्यंत फिरवून आणलीस ती काय बैलांनी ओढली?" दीर नुसता हसला. संध्याकाळी तो जयगडला गेला आणि गाडी तशीच राहिली.

सोमवारी जेवणं झाली, पोर झोपली, आणि मी बॉनेट उघडून नुसती बघत उभी राहिले. तीन कॉइली ओळीनं बसलेल्या. दोन मळक्या, एक नवी कोरी. नवी होती ती ह्या टोकाला, आणि इंजिनाचा पट्टा होता त्या टोकाला. तेव्हा मला लांज्याची आपली गॅरेजची शेड दिसली. मी दहा-अकराची असेन. तुमचा जेवणाचा डबा घेऊन आल्ये आणि तुम्ही मला टॉर्च धरायला उभं केलंयत. तुम्ही विचारताय, "ह्यातली एक नंबर कुठली?" मी जवळची दाखवते. "का?" "इकडे आहे म्हणून." "असं? आणि मी पलीकडे जाऊन उभा राहिलो तर तीच तीन नंबर झाली?" मग तुम्ही माझं डोकं धरून खाली वाकवताय. "पट्टा बघ. पट्टा ज्या अंगाला, तिकडून एक. माणूस कुठेही उभा राहू दे." दिरानं मोबाइलचं ऐकलं ते बरोबरच होतं. त्यानं मोजलं उलट्या बाजूनं. हाताला सोपी होती ती त्यानं एक धरली आणि धडधाकट कॉइल काढून टाकली. मेलेली तिथेच राहिली.

पण मी लगेच हात घातला नाही. एका वेळची तुमची बोलणी मी विसरले नाहीये. गणपतीत मुंबईचे चाकरमानी गाडी घेऊन आले होते, गाडी अशीच मिसिंग मारत होती, आणि मी शहाणपणानं त्यांना सांगितलं, कॉइल गेली. तुम्ही खोललंत तर प्लग काळा झालेला, कॉइलीला काहीच नव्हतं. तुम्ही त्यांच्यासमोर मला विचारलंत, "काढून बघितली होतीस?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग बोललीस कशाला? जा, त्यांना सांग, मी न बघता बोलले." मला ते सांगायला लावलंत. मी रडत सांगितलं. तो माणूस बिचारा म्हणत होता, अहो जाऊ द्या, लहान आहे. तुम्ही जाऊ दिलं नाहीत.

म्हणून ह्या वेळी बघून घेतलं. गाडी बंद करून एकेका कॉइलीची वायर काढायची, गाडी चालू करायची, ऐकायचं, परत बंद करून वायर लावायची. मधली काढली, गाडी जास्त लडखडली, म्हणजे मधली चांगली. ह्या टोकाची काढली, तेच. पट्ट्याकडची काढली आणि काहीच फरक पडला नाही. जी काढल्यावर इंजिनाला कळतसुद्धा नाही, ती कामाची नाही, असं तुम्ही शिकवलं होतंत. गाडी गार होऊ दिली, दहा नंबरच्या पान्यानं बोल्ट काढला आणि कॉइल जरा पिळून वर ओढली. तिच्या लांब रबराला बारीक चीर गेली होती आणि चिरेवर करंट बाहेर उडाल्याची पांढुरकी रेघ होती.

सासूबाई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नाही. "काय गो ह्ये? वांगी काढतेस की काय?"

"वांगंच आहे हो. किडकं."

"बापूस फिटर होता म्हणून माहेरचं नाव काढतेस वाटतं. कपाळाला काळं लागलंय बघ."

"लागू दे. तुमच्या लेकानं उलट्या बाजूनं मोजलं."

"तो लहानपणापासून उलटाच. पाळण्यात पण पायथ्याकडे डोकं करून झोपायचा," त्या म्हणाल्या आणि टॉर्च धरून उभ्या राहिल्या, मी सांगितलं नसताना.

नवी कॉइल ह्या टोकाची काढून पट्ट्याकडे बसवली. दिरानं काढलेली जुनी चांगली कॉइल खोक्यात होती, ती तिच्या जागी परत गेली. चावी फिरवली. गाडी एकसारखी वाजायला लागली. मी पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघितली. मग पोर उठली, आणि तिला मांडीवर घेऊन मी चालू गाडीत नुसती बसले.

बाबा, मला चौदावं लागलं तेव्हा तुम्ही माझं शेडवर येणं बंद केलंत आणि शिलाईचं मशीन आणून दिलंत. लोक बोलतात म्हणालात. मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही आणि तुम्ही पण बोलायला लावलं नाहीत. त्या मशीनवर मी आज गावचे ब्लाउज शिवते, तेव्हा त्याला नावं ठेवत नाही. पण त्या सोमवारी मला तुमचा रागही आला. तुम्ही होतात ती पुढची दोन वर्षं शिकवलं असतंत तर मला एवढी भीती वाटली नसती, असं वाटलं. गाडी नीट झाली होती आणि मला ते खरं वाटत नव्हतं. चढाला, माणसं भरून, ती ओढेल की नाही हे खळ्यात कळत नाही.

बुधवारी दुपारी शेजारच्या बागेत फवारणी झाली. मी खिडक्या लावल्या होत्या, तरी तीन वाजता पोरीला धाप लागली. पंप दिला, वाफ दिली, उतरेना. सासूबाई तिला घेऊन मागे बसल्या आणि मी गाडी काढली. डॉक्टरांनी मला शिकवून ठेवलंय, वाटेत वाढलं तर गाडी बाजूला घ्यायची आणि परत पंप द्यायचा. पंप माझ्या पिशवीत, शेजारच्या सीटवर होता. पावस गेलं. गोळपचा चढ लागला आणि माझं सगळं ध्यान इंजिनात गेलं. आता अडखळेल, आता अडखळेल, असं वाटत होतं. तुम्ही इंजिन ऐकायला लागलात की शेडमध्ये कोणी बोलायचं नाही, गिऱ्हाईकसुद्धा नाही, हे माझ्या अंगात किती मुरलंय ते मला त्या चढावर कळलं. मागून सासूबाई म्हणाल्या, "गो बाय, हिचे ओठ बघ..." आणि मी ओरडले, "गप बसा हो! आवाज ऐकू दे मला!"

सासूवर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या गप्प बसल्या. भाट्याचा पूल आला, गेला, त्या गप्पच. इंजिन एकदाही अडखळलं नाही. चढाला नाही, पुलावर नाही, रत्नागिरीच्या गर्दीत नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी तिला माझ्या हातातून घेतली आणि विचारलं, "ओठ निळे कधीपासून आहेत?" मी सासूबाईंकडे बघितलं. त्या लादीकडे बघत होत्या. मी म्हटलं, "आत्ताच. दारात." डॉक्टरबाईंना थांबायला वेळ नव्हता, त्या आत गेल्या. आम्ही दोघी बाकड्यावर बसलो. सासूबाई हळू म्हणाल्या, "गोळपच्या चढापासून." मी म्हटलं, "मग बोलला का नाही?" त्या म्हणाल्या, "तू गप म्हणालीस." रागानं नाही म्हणाल्या. कोणी विचारावं आणि कोणी सांगावं, तसं.

पोर वाचली. दोन दिवस ऑक्सिजनवर होती, आता घरी आहे, आत्ता माझ्या पायाशी बसून डब्याची झाकणं वाजवत्ये. पंप मी चढावर थांबून दिला असता तर एवढं झालंच नसतं, की झालंच असतं, हे मी डॉक्टरबाईंना विचारलं नाही. खरं सांगितल्याशिवाय ते विचारता येत नाही.

रविवारी दीर आला आणि कान पकडून म्हणाला, "वयनी, मोजायला शिकवा मला." नवऱ्यानं बोटीवरून फोन केला आणि हसत होता. आणि सासूबाई, बाबा, सगळ्या वाडीला सांगत सुटल्यात, माझ्या सुनेनं इंजिन उघडलं, माझ्या सुनेनं नात वाचवली. येईल त्या बाईला ओसरीवर बसवून वांग्याची गोष्ट सांगतात, सगळी हसतात. गोष्ट गाडी चालू होण्यापर्यंत येते आणि तिथून एकदम हॉस्पिटलात जाते. मधला रस्ता त्या सांगतच नाहीत. मी चहाचे कप घेऊन जाते, मान खाली घालते आणि परत येते.

मला त्यांची माफी मागायची आहे आणि मी लिहित्ये तुम्हाला, कारण तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघणार नाही. त्या इथून दहा पावलांवर आहेत, मागल्या पडवीत भांडी लावण्याचा आवाज येतोय. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, फायलीतच राहील. आज त्यांच्याशी बोलते, असं शेवटी लिहिणार होते. पण कालही तसंच ठरवलं होतं आणि जमलं नाही, आणि न बघता बोललेलं तुम्हाला चालत नाही.