डाव्या बाहीचं बटण

टीचर,

गेल्या महिन्यात न्हाणीघरात पाय घसरून माझं डावं मनगट मोडलं. प्लास्टर अजून निघालेलं नाही. सकाळी गाऊनची बटणं एका हाताने लावत बसते तेव्हा सून दाराशी येते आणि म्हणते, "आई, द्या ना, मी लावते." मी तिला म्हणते, "तू हातावर बस." तिला वाटतं सासू चेष्टा करतेय. हे वाक्य तुमचं आहे हे तिला सांगायला हवं होतं, पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली.

ऐंशी सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. वाकोल्याच्या चर्चच्या आवारातला हॉल, मंगळवार आणि शुक्रवारची दुपार. मी सकाळच्या शाळेत कारकून होते, बारा वाजता सुटायचे, आणि बाबांना घेऊन विक्रोळीहून कुर्ल्याला बस बदलून तुमच्याकडे यायचे. बाबा कंपनीत फिटर होते. पन्नाशीत अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात-पाय गेला. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर पुढे काय करायचं हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. चाळीतल्या एका बाईंनी तुमच्या संस्थेचा पत्ता दिला. संस्था म्हणजे तरी काय, मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून आलेल्या तुम्ही आणि एक लोखंडी कपाट. जमिनीवर बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेघा होत्या, त्यांच्यावरून तुम्ही माणसांना चालवायचात. भाजीच्या खोक्यांच्या पायऱ्या केल्या होत्या. विहिरीची जुनी कप्पी छताला टांगून तिच्या दोरीने खांदे वर न्यायला लावायचात. तांदळाच्या डब्यात गोट्या पुरून त्या दुखऱ्या हाताने शोधायच्या. मी पहिल्या दिवशी "मॅडम" म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "मॅडम ऑफिसात असतात. इथे टीचर म्हण."

त्याच दिवशी बाबा चप्पल काढत बसले होते. दहा मिनिटं झाली असतील. मी उठून वाकले, तर तुमचा आवाज आला, "बस खाली. त्यांची चप्पल आहे, तुझी नाही." सोबत येणाऱ्यांसाठी भिंतीलगत एक बाक होतं आणि तिथला नियम एकच, दोन्ही तळहात मांडीखाली घालून बसायचं. "तुमच्या हातांना फार खाज असते," तुम्ही म्हणायचात, "म्हणून हातावर बसा." घाटकोपरचे एक दुकानदार यायचे, कंपवाताने त्यांचे हात सतत हलायचे. त्यांची बायको माझ्या शेजारी हातावर बसून नवऱ्याचा चहा सांडताना बघायची आणि ओठ चावायची. ते मात्र म्हणायचे, "टीचर, मला अर्धाच कप भरा. बाकीचा अर्धा सांडायचाच आहे, तो तुमच्याकडेच राहू दे." हॉलभर हसू व्हायचं. इतक्या आजारी माणसांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

बाबांना कामावर परत जायचं होतं. कंपनीने सांगितलं होतं की कंपनीच्या डॉक्टरांनी पास केलं तर हत्यारं वाटण्याच्या खिडकीवर बसवू, नाहीतर नोकरी संपली. बाबा मालवणीत म्हणायचे, "घरात बसलंय तर संपलंय." ते अतिशयोक्ती करणारे नव्हते. तुम्ही त्यांना "फिटर साहेब" म्हणायचात आणि हॉलमध्ये शिरताना पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काय फिटर साहेब, आज शर्ट कुणी घातला?" बाबा म्हणायचे, "मीच." तुम्ही टाळ्या वाजवायचात. दुकानदारही वाजवायचे, त्यांच्या टाळीला ताल नसायचा. मी बाकावर बसून जमिनीवरच्या रेघा बघायचे.

कारण शर्ट मी घालायचे. दुपारी आमची घाई असायची. बाबा खाटेवर बसून पहिल्या बटणाशी झगडत असायचे आणि घड्याळ पुढे जात असायचं. मग तेच म्हणायचे, "लाव गो बाय, बस चुकतली." मी अर्ध्या मिनिटात सगळी लावून टाकायचे. पहिल्यांदा "मीच" म्हणाले तेव्हा मला वाटलं, एवढ्याने त्यांना बरं वाटत असेल तर काय बिघडलं? बिघडलं ते असं की तुम्ही विश्वास ठेवलात. बटणांचा सराव थांबवून तुम्ही त्यांना जिन्याला लावलंत, डाव्या हाताने सही शिकवलीत. कंपनीच्या डॉक्टरांपुढे ते नीट चालले, सही केली, आणि छाती तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "शर्ट घाला." बाबा आपला कंपनीचा खाकी शर्ट घेऊन बसले. दोन बटणं लागली. डॉक्टर चांगले होते, थांबले होते. मग हळूच म्हणाले, "तीन महिन्यांनी या."

शुक्रवारी बाबांनीच तुम्हाला सांगितलं, "बटणां रवली," म्हणजे राहिली. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. मला मागच्या खोलीत नेलंत, जिथे खोकी रचलेली असायची. "किती दिवसांपासून?" मी म्हटलं, "सुरुवातीपासून." मला वाटलं, आता बाबांना येऊ नका म्हणतील. तुम्ही कपाटातला पुरुषी शर्ट माझ्या अंगात चढवलात, माझी ओढणी काढून घेतलीत, तिने माझा उजवा हात कमरेशी बांधलात आणि म्हणालात, "लाव." आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभ्या राहिलात. मी निरोगी मुलगी, तेवीस वर्षांची. तिसऱ्या बटणाला माझे डोळे भरून आले, ते रागाने की लाजेने, अजून ठरवता आलं नाही. समोरची सहा आणि उजव्या बाहीचं एक कशीबशी लागली. डाव्या बाहीचं राहिलं. "हे कसं लावायचं?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "डाव्या हाताला स्वतःचं बटण लावता येत नाही. ते दुखऱ्या हातानेच लावावं लागतं. म्हणून ते सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यात मोठं." मग गाठ सोडताना म्हणालात, "तू वाईट नाहीस गं. तुला घाई होती. पण त्यांची महिन्याभराची मेहनत तू रोज अर्ध्या मिनिटात करून टाकत होतीस." जरा थांबून, "बाहेर त्यांना सांगू नकोस मी ओरडले म्हणून." मी म्हटलं, "तुम्ही ओरडला नाहीत." "मग बरंच आहे," म्हणालात आणि मला तोंड धुवायला पाठवलंत.

जाताना तुम्ही एक फळी दिलीत, तिच्यावर जुन्या शर्टाचा पुढचा भाग खिळ्यांनी ठोकलेला होता. ती अजून माझ्या कपाटात आहे. पुढचे तीन महिने मी जेवायच्या आधीच बाबांच्या हातात शर्ट द्यायचे आणि पाटावर हातावर बसायचे. आई एकदा म्हणाली, "अगो, मेल्या माणसासारखी काय बसतेस, लाव की." बाबाच म्हणाले, "रवांदे तिका." समोरची सहा यायला लागली. मग उजव्या बाहीचं. डाव्या बाहीचं तुमच्या हॉलमध्ये दोनदा लागलं. उजव्या हाताची बोटं काजापर्यंत न्यायची, बटण निसटायचं, पुन्हा न्यायची. दुसऱ्यांदा लागलं तेव्हा दुकानदार "झकास!" म्हणून ओरडले आणि त्यांचा अर्धा कपही सांडला. तुम्ही फ्रॉकला चष्मा पुसत खिडकीशी उभ्या राहिलात.

तीन महिन्यांनी पुन्हा तीच खोली. बाबा पडद्याच्या अलीकडे स्टुलावर बसलेत, मी दाराशी. डॉक्टर म्हणतात, "शर्ट घाला, घाई नाही." बाबा घालतात. एक एक करत सहा. मग उजव्या बाहीचं. मी हात पाठीमागे घट्ट धरलेत. डाव्या बाहीशी उजवा हात येतो, बटण निसटतं. पुन्हा येतो, पुन्हा निसटतं. तेवढ्यात बाहेर फोन वाजतो आणि डॉक्टर उठून शेजारच्या खोलीत जातात. बाबा माझ्याकडे बघतात. डावं मनगट माझ्यापुढे धरतात. मी दोन पावलं जाते, बटण काजातून ओढते आणि परत दाराशी येऊन उभी राहते. डॉक्टर आत येतात, शर्टावरून नजर फिरवतात आणि म्हणतात, "शाबास."

मंगळवारी तुम्ही विचारलंत, "किती?" बाबा म्हणाले, "आठच्या आठ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तुम्ही त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत धरलात, आणि मी बाकावर होते.

बाबा त्या खिडकीवर चार वर्षं बसले. आम्ही दोघं त्या बटणाबद्दल कधीच बोललो नाही. कदाचित आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर त्यांनी लावलंही असतं. कदाचित डॉक्टरांनी सात बटणांवरही पास केलं असतं. मला माहीत नाही. तुम्ही मात्र पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ही गोष्ट सांगायचात, एक फिटर होता, त्याने दुखऱ्या हाताने डाव्या बाहीचं बटण लावलं, आठच्या आठ. त्यावर कितीजण उठून उभे राहिले ते मी पाहिलंय. शेवटची दोन वर्षं तुमचेच हात थरथरायला लागले. मी भेटायला आले तेव्हा तुम्ही मला चहा ओतून दिलात, बराच बशीत गेला, मी हातावर बसून राहिले. तुम्ही बघितलंत आणि हसलात, "शिकलीस." मग तुमची भाची आत आली, तर तिला म्हणालात, "हिचे बाबा, आठच्या आठ." तेव्हा सांगायचं होतं. कप रिकामा होईपर्यंत थांबले आणि निघाले.

हे पत्र त्या फळीखाली ठेवून देईन. तुमचा नियम बरोबर होता, टीचर, मी तो नंतर कधी मोडला नाही. पण आठ नव्हती, सात होती. आणि आठवं लावताना मला फार बरं वाटलं होतं.