सूपभर ज्वारी आन तीन घंटे

अकोला, ता. ७ एप्रिल १९५९

चि. सौ. मैनाले सासू जाईबाईचा जयभीम. वि. वि. माह्या देवमनचं दिल्लीहून पत्र आलं, तुमाले तिकडं बोलावते. हाफिसानं विमानाचं एकच तिकीट देल्लं. तिकिटावर कोनाचं नाव घालाचं थे दोघी ठरवा आन नागपूरच्या हाफिसाले सांगा मनते. आभाळातून सव्वापाचशे मैल, तीन घंट्यात दिल्ली. पोट्टं मांडीवर चालते.

त मी पोट्ट्याले घेऊन विमानात बशीन, तू मांगून आगगाडीनं ये. मांगच्या उन्हाळ्यात मोठी पोरगी शेवंती आगगाडीत तुह्याच मांडीवर ऊन लागून गेली. हे पोट्टं मी तुह्या भरोशावर सोडत नाई. तसंही सुप्या माह्याच हाये. मोठी गेल्यावर हा जगावा मनून जलमला त्याच दिवशी वलगावात सूपभर ज्वारी देऊन मी त्याले तुह्यापासून इकत घेतला. मनून वाचला. बाळंतपनाले माहेरी गेली थे तिकडचीच झाली. आता पुरे.

जीव लावून रायजो.
जाईबाई

वलगाव, ता. १२ एप्रिल

ती. आत्याबाई यायले सून मैनाचा जयभीम. वि. वि. इकडे समदे बरे हाओत. पोट्ट्याचं नाव धर्मपाल हाये, सुप्या नाई.

मले विमानाचं लय भेव लागते. परवा वरून एक गेलं त मी पोट्ट्याले घेऊन कोठ्यात शिरली, बैलाच्या आडोशाले. आई हासली. पन तुमचे तीन घंटे आन माही आगगाडी, एक रात एक दिवस. तवापरेंत थो कायच्यावर राहीन? वरचं दूध ओकते.

शेवंतीले ऊन लागलं तवा टेशनावर पान्याले उतरू का मनून मी तुमाले इचारलं होतं. तुमी नाई मनलं. दीक्षा घेतली तवा जुनं समदं सोडलं मनता, मंग सूप कावून नाई सोडलं?

राग मानू नका असं मी लिहित नाई.
मैना

अकोला, ता. १६ एप्रिल

मैनाले जयभीम. लिहाले शिकली त सासूले शिकवते का? हिरीत डोकावलं त तुले चक्कर येते, आभाळात काय करशीन? बेसुद पडशीन आन पोट्टं सोडशीन. ज्वारी तुमी दळून खाल्ली, आता कायचा हक्क? रविवारच्या मोटारीनं पोट्ट्याले आनून दे, नाई त मीच येऊन उचलून नेईन.

तरी आशीर्वाद हायेच.
जाईबाई

वलगाव, ता. १८ एप्रिल

ती. आत्याबाई यायले जयभीम. वि. वि. हे पत्र घेऊन माहा भाऊ श्रावण येऊन राहिला. त्याच्यासंग सूपभर ज्वारी धाडली हाये. आमच्या वावरातली हाये, निसून देल्ली. मोजून घ्या. आता पोट्टं माहं.

माहे बाबा नागपूरले जाऊन आले. तिकिटावर माहं नाव घातलं. हाफिसातल्या मानसानं सांगतलं का विमान वर जाते तवा लेकराचे कान दुखतात, तवा मायनं त्याले अंगावर पाजावं. थे तुमाले जमत नाई, आत्याबाई.

भेव तसंच हाये. रातभर झोप नाई. डोये मिटून बशीन. पाजाले डोये लागत नाई.

तुमी मांगून आगगाडीनं या. खिडकीले वल्ला पंचा बांधा. तहान लागली त टेशनावर उतरा, कोनाले इचारू नका.

लोभ ठेवा का नका ठेवू, सूप मातर श्रावणच्या हाती वापस धाडा. थे आमचं हाये.
मैना