भरलेली कालवं

प्रिय भिंगरी,

ज्या सकाळी मी तुझ्या सासरी टोपली घेऊन आलो, त्या सकाळी मी उजाडायच्या आत उठून कालवं घासत बसलो होतो. तुझ्या आईने विचारलंही, ही कालवं आहेत की नवरदेव, इतकं काय न्हाऊमाखू घालताय. एकेक शिंपला ब्रशने घासला, चिकटलेलं शेवाळ काढलं आणि त्यातलं एक कालव उघडून पाहिलं. आतला गर गुबगुबीत, दुधाळ, शिंपल्याच्या काठापर्यंत भरलेला. उन्हाळा अजून पुरता सुरूही झाला नव्हता. माझ्या वडिलांच्या वेळी कालवं अशी दुधाळ व्हायची ती उन्हाळा सरता सरता, म्हणून ते पोटातलं बीज असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मला वाटलं, अंगाने भरलीत. देवाने यंदा माझ्या उथळ खाडीची बाजू घेतली. तुझ्या सासऱ्यांचं पाणी समुद्राच्या तोंडाशी, खोल आणि गार; त्यांची कालवं या दिवसांत हडकुळी असतात. म्हटलं, व्याह्यांना एकदा दाखवूच. टोपलीवर ओलं पोतंसुद्धा टाकलं नाही. पोतं टाकलं असतं तर वाटेत लोकांना ती दिसली कशी असती?

पुढचं तू पाहिलंस. व्याह्यांनी टोपली दोन्ही हातांनी घेतली, कालवांचं तोंडभर कौतुक केलं, ती अंगणातल्या टाकीत सोडायला सांगितली आणि मला चहाला आत नेलं. चहा संपायच्या आधीच तू बाहेरून हाक मारलीस. टाकीतलं पाणी पांढरंशुभ्र झालं होतं. वाटभर ऊन खाल्लेली कालवं पाण्यात पडली, एकाने बीज सोडलं आणि त्याचं पाहून सगळ्यांनी. व्याही हसत म्हणाले, "व्याहीबुवा, कालवांबरोबर दूधही घेऊन आलात की." कामावरची माणसं हसली. मीही हसलो, न हसून करतो काय? मग तू त्यातलं एक उघडून माझ्यापुढे धरलंस. सकाळी काठोकाठ भरलेलं होतं ते, आता भिजलेल्या कागदासारखं चपटं नि पाणचट. तू हळूच म्हणालीस, "अप्पा, ही धष्टपुष्ट नव्हती हो. पोटुशी होती." इतकंच म्हणून थांबली असतीस तर मी ते गिळलं असतं. पण तू पुढे म्हणालीस, पाणी लवकर तापायला लागलंय, उथळ खाडीत हे आधी होणार, असं बाबांनी मागच्याच वर्षी सांगितलं होतं. बाबांनी, म्हणजे व्याह्यांनी. लग्न होऊन गेलेली मुलगी सासऱ्यांना बाबा म्हणणारच, हे काय मला कळत नाही? कळतं. पण पाण्यात काय चाललंय ते तुला मी शिकवलं होतं, आणि आता तू मलाच ते दुसऱ्याच्या तोंडचं शिकवत होतीस.

तुला आठवतं का, तू एवढीशी असताना माझ्याबरोबर गुडघाभर पाण्यात उभी राहायचीस आणि विचारायचीस, हे कालव बाबा आहे की आई? मी सांगायचो, कालव आधी बाबा असतं आणि मग एखाद्या वर्षी आई होतं. तू लगेच म्हणालीस, मग अप्पा, तुम्हीपण एक वर्ष आई व्हा, आई वेणी फार ओढून घालते. ही गोष्ट तुझी आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. सुरी शिंपल्याच्या बिजागरीत कशी घालायची, हात कसा वळवायचा, पाणी तळहाताला कसं लागलं म्हणजे कालवांच्या जाळीच्या पिशव्या उलटायच्या, हे सगळं तू माझ्याजवळ शिकलीस. आता तू व्याह्यांच्या शेडमध्ये टाक्यांत बीज वाढवतेस. तुझ्या आईच्या फोनमधून मला तुमचं हसणं ऐकू येतं. व्याह्यांनी सुनेला नवे रबरी बूट आणले, व्याह्यांनी तिच्यासाठी टाकीपाशी उंच स्टूल करून घेतलं, व्याही चारचौघांत म्हणतात ही माझा उजवा हात आहे. मी जेवत असतो आणि घास तोंडात फिरत राहतो. माणूस वाईट असता तर किती बरं झालं असतं. चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. पण त्यांच्यात खोट काढायला बसलो की मला माझीच सापडते.

त्या सकाळनंतर आपल्या खाडीचं काय झालं ते तू येऊन पाहून गेलीसच. खाडीतल्या कालवांनीही आपापलं बीज सोडून दिलं. सगळी शक्ती त्यात घालवून ती बाळंतिणीसारखी गळून गेली होती, आणि नेमकं त्याच वेळी पाणी तापलं. ओहोटीला तर ते अंगाला कोमट लागायचं. तू म्हणालीस, तापलेल्या पाण्यात त्यांना श्वास पुरत नाही, रोगाचे जंतू मात्र माजतात. माझ्या डोळ्यांना दिसलं ते एवढंच, की पिशवीमागून पिशवीत शिंपले आ वासून पडलेत. जे बीज सुटलं होतं त्यातलंही काही धरलं नाही. पिल्लं चिकटावीत म्हणून टांगलेल्या फरश्या कोऱ्याच्या कोऱ्या वर आल्या. तुझी आई नाकाला पदर लावून माझ्याबरोबर मेलेली निवडत होती. तू आलीस, खडकावर बसलीस आणि प्रत्येक पिशवीतली जगलेली तेवढी एका पिशवीत गोळा केलीस. बहुतेक जुनी, जाड पाठीची, माझ्या वडिलांच्या वेळच्या वाणाची. म्हणालीस, अप्पा, एवढ्या उकाड्यातून ही तगली आहेत, यांची पिल्लंही तगण्याची शक्यता जास्त. ही मला द्या, आमच्या टाकीत यांचं बीज धरू. इथे ठेवलीत तर पुढच्या उन्हाळ्याला हीही राहायची नाहीत.

आमच्या टाकीत, म्हणालीस. मला तेवढंच ऐकू आलं. मी म्हणालो, "मुलगी नेली, आता माझी कालवंही हवीत का त्यांना?" तू हात धुतलेस, आईला सांगून निघालीस, आणि त्यानंतर फोन आला तो फक्त तुझ्या आईला.

आता जे लिहितो ते तुझ्या आईलाही ठाऊक नाही. मी रोज संध्याकाळी देवापुढे हात जोडून बसतो, तुला माहीत आहे. मागणं कधी मागत नाही. नाव घेतो आणि उठतो. पण त्या दिवसांत नाव घेता घेता मन भलतीकडेच जायचं. एका संध्याकाळी मी स्वतःला पकडलं. मी देवाला सांगत होतो, त्यांचंही पाणी तापू दे. जरा कळू दे त्यांनाही. शाळेत गुरुजींनी माणसाचे सहा शत्रू पाठ करून घेतले होते, मत्सर त्यात सगळ्यात शेवटी यायचा. मला तेव्हा वाटायचं, शेवटचा म्हणजे सगळ्यात लहान असेल.

आणि मग गेल्या पंधरवड्यात तुझ्या आईने फोन खाली ठेवला आणि सांगितलं, तिकडेही शिंपले उघडायला लागलेत. खोल पाणीसुद्धा यंदा तापलंय, व्याह्यांच्या टाकीतली बीज धरायला ठेवलेली कालवंही अर्धीअधिक गेली. भिंगरी, मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? हातातला पेला खाली ठेवीपर्यंत तो टिकला. मग तुझी आई म्हणाली, पोर सकाळपासून मेलेली निवडतेय, जेवायलाही उठली नाही म्हणे. मला तुझे हात दिसले. शिंपल्याच्या काठांनी बोटं कशी कापतात ते मला माहीत आहे, आणि तो वास कसा केसांत बसतो तेही. मी मागितलं होतं व्याह्यांसाठी आणि ते तुझ्या पदरात पडलं होतं. माझ्या मागण्याने समुद्र तापत नाही, एवढं मलाही समजतं. पण माझ्या मनाची इच्छा पुरी झाली की तिचं तोंड कसं दिसतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. रात्रीचं जेवण गेलं नाही. तुझ्या आईने विचारलं, पोट बिघडलंय का? मी हो म्हणालो.

काल सकाळी गारव्यातच तू गोळा केलेल्या तगलेल्या कालवांची ती पिशवी पाण्यातून काढली, ओल्या पोत्यात गुंडाळली आणि तुझ्याकडे आलो. तू जावईबापूंबरोबर त्यांच्या कामासाठी शहरात गेली आहेस हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर म्हणूनच काल आलो. तुझ्यासमोर मला जमलं नसतं. व्याही शेडमध्ये एकटेच होते. टाक्या रिकाम्या करून धुवत होते. दाढी वाढलेली, खांदे उतरलेले. मी पोतं उलगडलं तसे ते खाली बसले आणि एकेक कालव हातात घेऊन पाहू लागले. मला वाटलं, आता काहीतरी विनोद करतील. ते म्हणाले, "मी तुमच्याकडे मागायला येणार होतो. पण सूनबाईने येऊ दिलं नाही. म्हणाली, अप्पांकडे मागायचं नाही. त्यांना वाटलं तर ते देतील, नाही वाटलं तर ती त्यांची आहेत." असं म्हणून त्यांनी डोळे पुसले, की कपाळावरचा घाम, ते मी नीट पाहिलं नाही. माझंच लक्ष ठिकाणावर नव्हतं. ज्या घरात माझ्याविरुद्ध सगळे एक झालेत असं मी इतके दिवस धरून चाललो होतो, तिथे तू माझ्या बाजूने एकटी उभी होतीस, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

या वेळी घाई केली नाही आम्ही. मी बादलीतून आपल्या खाडीचं पाणी आणलं होतं, त्यात कालवं ठेवून त्यांच्याकडचं पाणी थोडं थोडं मिसळत गेलो, कालवांना धक्का बसू नये म्हणून. व्याही मगाने ओतत होते, मी तळहात घालून पाहत होतो. दोन म्हातारे तान्ह्या मुलाच्या अंघोळीचं पाणी जोखत बसल्यासारखे दिसलो असू. त्यांनी आपलं थर्मामीटर आणलं होतं, ते खिशातच राहिलं. मी ओलसर हात पुसून म्हणालो, आता झालं, तर म्हणाले, झालं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. फोनवर मी पुन्हा काहीतरी तिरकं बोलून बसलो असतो. आणि तू परत आलीस की व्याही तुला दारातच गाठतील, हातवारे करत सगळं रंगवून सांगतील. ते तुला पहिल्यांदा त्यांच्या तोंडून कळू नये, म्हणून हे आजच शहरातल्या पत्त्यावर पाठवतोय. यावरून समजून जा, माझा हेवा अजून गेलेला नाही. जाईल तेव्हा जाईल. तुझी आई म्हणत होती, चार-दोन तरी आपल्या खाडीत राहू द्या, नावाला. मीही हो म्हणणार होतो. पण चार-दोन मागे ठेवली असती तर ती तुझ्यापासून लपवून ठेवल्यासारखं झालं असतं, आणि पुढच्या उकाड्यात तीही गेली असती. मी सगळी दिली. टाक्या धुऊन भरेपर्यंत म्हणून व्याह्यांच्या पाण्यातल्या तराफ्याच्या दोराला, तुझा हात सहज पोचेल इतक्या खोलीवर, पिशवी माझ्या हाताने बांधून आलो आहे.

तुझाच,
अप्पा