चार रिकाम्या जागा

११ जानेवारी, मंगळवार

टक्-टक्. टक्. टक्-टक्-टक्.

सकाळी साडेसहापासून सुरू! बाबांच्या अंगात आता डाव्या हाताचं एक बोट तेवढं धड चालतं, आणि त्या बोटाने ते दिवसभर खाटेचा लोखंडी कठडा बडवतात. मधे थांबतात. इतका वेळ थांबतात, की वाटतं, सुटले! पुन्हा टक्-टक्. असं चार वेळा. मग थोडी उसंत, की परत पहिल्यापासून. डॉक्टर म्हणाले, "मेंदूचा परिणाम आहे, अर्थ शोधत बसू नका." त्यांना काय जातंय म्हणायला! त्यांच्या उशाशी कुठे आहे कठडा?

खालच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या आहेत, त्यांच्याही वर बर्फ गेलं. भर दुपारी दिवा लावून भाजी चिरते आहे.

धाकट्या भावाचं, नोबूचं वर्षश्राद्ध ६ मार्चला, रविवारी. देवळातल्या पुजाऱ्यांना, ओशो-सानना फोन केला — त्याने बांधलेली एक चाल वाजवली तर चालेल का? म्हणाले, "नोबुमित्सूची? वाजवा की! फक्त धांगडधिंगा नको, आमचे बुद्ध आता म्हातारे झालेत."

रात्री त्याच्या लॅपटॉपवर ती चाल लावली. शी! जत्रेतली पिपाणी बरी. फाइलीत आवाज नसतोच — कुठला सूर, कधी, किती जोरात, एवढंच लिहिलेलं. आवाज देणारी पेटी वेगळी असते. नोबू सांगायचा, "ताई, ही पाककृती आहे, जेवण नव्हे."

आणि पेटी मीच टाकली. कावासाकीची त्याची खोली दोन दिवसांत रिकामी करायची होती. इकडे बाबांजवळ बसायला शेजारीण दोनच दिवस तयार झाली होती. कपाटात एक चपटी, करडी पेटी होती. मला वाटलं, जुना व्हिडिओ प्लेअर. भंगारवाल्याला दिली. वर त्याला वाकून आभारही मानले!

१४ जानेवारी, शुक्रवार

इगाराशी-सान बाबांच्या सेवेला मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, दहा ते बारा. त्या दोन तासांत माझा तुरुंग उघडतो. बर्फातून नागाओकाला जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस. मधली चाळीस माझी.

जुन्या मालाच्या दुकानात गेले. वाद्यांच्या विभागात माकिनो म्हणून एक आहेत — साठीचे, पांढऱ्या केसांची शेंडी बांधलेली. मी विचारलं, "ही माझ्या भावाची फाइल. ही वाजवायला कुठली पेटी घ्यावी?"

"त्यांच्याकडे कुठली होती?"

"करडी. पुढे नारिंगी पडदा."

"सगळ्यांनाच नारिंगी पडदा असतो, बाई!"

मग तासभराचं व्याख्यान वीस मिनिटांत झालं. सगळ्यात जुनी ती 'पंचावन्न'. मग 'अठ्ठ्याऐंशी'. आणि तिच्या वरची 'हाचिप्रो' — हे लाडकं नाव उच्चारताना त्यांनी आवाज खाली आणला, देवघरात आणतात तसा. "पंचावन्न म्हणजे पाटी-पेन्सिल. हाचिप्रो म्हणजे कॉलेज. पंचावन्नचं सगळं हिला येतं, वर आणखी हजार गोष्टी येतात. डोळे झाकून घ्या."

डोळे झाकून घेतली. येताना गाडी दोनदा घसरली. बारा वाजून सहा मिनिटं झाली होती. इगाराशी-सान कोट घालून दारात उभ्या होत्या. कोटाची बटणंही लावून झाली होती.

१५ जानेवारी, शनिवार

हेडफोन लावून ऐकलं. (बाबांना ऐकू जायला नको. नोबू घरी असताना त्याने जरा काही लावलं की ओरडायचे — "ते पीं-पीं बंद कर!")

काय सांगू! तीन मिनिटांची चाल. नाव 'याने' — छप्पर. सुरुवातीला बासरी, मग खालून जाड तारा येतात. छपरावरून पाणी गळतं तसं काहीतरी मधेमधे. नोबू एवढं चांगलं करायचा, आणि मी त्याला दर फोनवर विचारायची, "जेवलास का?"

पण चार ठिकाणी मधेच सगळं बंद पडतं. एकदम शांत. मग पुन्हा सुरू. पहिल्यांदा वाटलं, पेटी बिघडली.

१६ जानेवारी

फाइलीजवळ नोबूने एक चिठ्ठी ठेवली आहे. "१९९४, ३ जानेवारी. घरी, ओजियाला. वाजवणारे: मी आणि आणखी एक व्यक्ती. नाव न लिहिण्याच्या अटीवर."

कोण ही बया? त्या वर्षी नवीन वर्षाला मी ताकासाकीला, सासरी भांडी घासत होते. म्हणजे पोरगी घरी आणली होती साहेबांनी, आणि कुणी मला बोललं नाही!

चिठ्ठीखाली लोकांचे अभिप्रायही जपून ठेवले आहेत. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांच्या चाली उतरवून घेत. नवी पेटी घेतलेल्या एकाने लिहिलं आहे, "छपरावरचं बर्फ कोसळण्याआधीची ती शांतता! चार वेळा! नतमस्तक." त्यावर नोबूचं उत्तर — "कसली शांतता? तिथेच तर सगळी गंमत आहे! असो, आभारी आहे."

म्हणजे मुद्दामच ठेवलीय. पेटी ठीक आहे.

२५ जानेवारी, मंगळवार

माकिनोंना दुकानात 'याने' ऐकवलं. पहिली रिकामी जागा आली तसा त्यांनी श्वास रोखला. चौथीला डोळे पुसले.

"ह्याला म्हणतात 'मा', बाई. दोन आवाजांमधली राखलेली जागा. आम्ही सगळे तेव्हा सोळाच्या सोळा वाद्यं ठासून भरायचो. आणि हा पोरगा चार वेळा गप्प बसतो! ह्याला छाती लागते."

माझी छाती भरून आली. घरी आले तर — टक्-टक्. टक्.

ह्या घरात 'मा' नाही. कपाळ!

२८ जानेवारी, शुक्रवार

रस्ता बंद. इगाराशी-सान आल्या नाहीत.

१ फेब्रुवारी, मंगळवार

रस्ता बंद. छपरावर चढून मीच बर्फ पाडलं. आता ते दारासमोर ढीग होऊन बसलंय. वरून काढून खाली स्वतःलाच कोंडून घेतलं!

३ फेब्रुवारी, गुरुवार

सेत्सुबुन, थंडी सरल्याचा सण. रिवाजाप्रमाणे घरभर भुईमुगाच्या शेंगा भिरकावल्या. "भुतं बाहेर, भाग्य आत!" कुठलं भूत बाहेर जाणार? दाराबाहेर दोन मीटर बर्फ. जे आत आहे ते आतच राहणार — मी, बाबा आणि टक्-टक्.

बाबांच्या पांघरुणावर दोन शेंगा पडल्या होत्या. त्यांना असलं कडक काही गिळता येत नाही, म्हणून उचलून मीच खाल्ल्या.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मी कठड्याला टॉवेल गुंडाळला.

लिहूनच टाकते, नाहीतर खोटं वाटेल. जाड आंघोळीचा टॉवेल, दोरीने तीन गाठी मारून. आजही रस्ता बंद, दहा दिवस मी ह्या गल्लीबाहेर पाऊल टाकलेलं नाही. पेज भरवा, ठसका लागू नये म्हणून चहा दाट करा, कूस बदला, आणि वरून ते बोट! दुपारी ओरडले, "तुमचा मुलगा मेलाय, कळतंय का? मुलगा!" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बोलता येत नाही, पण समजतं सगळं. मला ठाऊक आहे ना ते.

गेल्या मार्चमध्ये नोबू गेल्याचं सांगितलं, तेव्हा ह्या माणसाने डोळे मिटून तोंड भिंतीकडे केलं. टिपूस नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून हे बडवणं. पोटचा पोरगा गेला, आणि ह्याला वाजवायला सुचतंय! चाळीस वर्षं गावच्या अग्निशमन पथकात होते — थंडीत संध्याकाळी लाकडी टिपऱ्या वाजवत, "आग सांभाळा!" ओरडत फिरायचे. गावाची आग सांभाळली. पोराच्या कपाळी 'पीं-पीं बंद कर'. हे मी त्यांना माफ करणार नाही.

घरात आता शांत आहे. बोट चालूच आहे. आवाज येत नाही.

८ फेब्रुवारी, मंगळवार

इगाराशी-सान आल्या. टॉवेल पाहिला. "आजोबांचा हात दुखेल म्हणून बांधलात वाटतं? किती काळजी घेता हो!"

हो म्हटलं.

नागाओका. माकिनोंनी दुसऱ्या कंपनीच्या पेटीवर 'याने' लावून दाखवलं. बासरी नाकात बोलल्यासारखी. रिकाम्या जागा मात्र तशाच, चारही. "पाहा! पेटी बदला, 'मा' बदलत नाही. म्हणजे ते संगीतातच आहे." हाचिप्रोवर शिक्कामोर्तब.

१४ फेब्रुवारी

६ मार्चला बाबांना देवळात नेणार नाही. इगाराशी-सान जास्तीचे चार तास बसायला कबूल झाल्या. ज्याला ऐकायचंच नव्हतं, त्याला कशाला ओढत न्या?

२२ फेब्रुवारी, मंगळवार

झोप उडाली आहे!

लॅपटॉप आणि पेटी यांच्यामधल्या वायरीला एक छोटी डबी आहे. लॅपटॉपने पेटीला काही सांगितलं की तिच्यावरचा दिवा लुकलुकतो. आज हेडफोन काढून ठेवला होता, कान दुखत होते, म्हणून नुसती दिव्याकडे बघत बसले. बासरी — लुकलुक. तारा — लुकलुक. आणि अंदाजाने रिकामी जागा आली, तरी लुकलुक चालूच! हेडफोन कानाला लावला. चिडीचूप. दिवा मात्र लुकलुकतोय.

तिथे कुणीतरी वाजवतंय. पेटी ऐकवत नाहीये.

माकिनोंना फोन केला. दिव्याचं सांगितलं. म्हणाले, "बाई, मी गाढव आहे."

त्यांनी सांगितलं ते असं — प्रत्येक वाद्याला नंबर असतो. नोबूने एका वाद्याचा नंबर चुकीचा घातला असणार, जो कुठल्याच पेटीत नाही. नव्या पेट्यांना असा नंबर दिला की त्या गप्प बसतात. पण जुनी पंचावन्न भोळी. नेमकं सापडलं नाही तर त्याच जातीतलं जवळचं वाद्य देते. नोबूकडे पंचावन्न होती! त्याला सगळं ऐकू येत होतं, म्हणून चूक कधी कळलीच नाही.

"आणि तुमची ती 'मा'?"

"मी पाया पडतो, पुन्हा आठवण काढू नका. अठ्ठावीस वर्षं आम्ही सगळे एका टायपिंगच्या चुकीपुढे नतमस्तक होत होतो!"

हसू आवरेना. या घरात मी हसले, त्याला किती दिवस झाले असतील?

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

एका दमात लिहितेय, अक्षर वाईट येणार.

पंचावन्न मिळाली. भंगाराच्या खोक्यात पडली होती — 'तपासलेली नाही, परत घेणार नाही' अशी चिठ्ठी लावून. पडदा अंधूक आणि हेडफोनचं भोक मेलेलं. माकिनोंनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "प्रायश्चित्त समजा." घरी साडेबाराला पोचले. इगाराशी-सानचा कोट घातलेला होता. मी एवढी वाकले, की त्याच घाबरल्या.

हेडफोन चालत नाही, म्हणजे स्पीकर लावणं आलं. बाबांची खोली शेजारीच, मधे नुसतं कागदी सरकतं दार. म्हटलं, ओरडायला आता तोंड कुठे आहे! लावलं.

बासरी. तारा. मग पहिली जागा आली.

टक्-टक्. टक्. टक्-टक्-टक्.

लाकडाचा आवाज, टिपऱ्यांसारखा. कोरडा, जरासा अडखळणारा. तिसरा ठोका किंचित उशिरा. मला वाटलं, बाबांनी टॉवेल सोडवला. दार सरकवलं. टॉवेल जागच्या जागी होता. तीन गाठी, माझ्याच.

बाबांचं बोट त्या टॉवेलवर पडत होतं. आवाज न करता. स्पीकरमधल्या प्रत्येक ठोक्याबरोबर, तिसरा किंचित उशिरा. जागा संपली, बासरी आली, बोट थांबलं. वर धरून थांबलं. ते मोजत होते. दुसरी जागा आली आणि बोट खाली आलं. तिसरी आली. चौथी आली. एकही चुकली नाही.

वर्षभर मला वाटायचं, मधेच थांबतात. थांबत नव्हते हो. नोबूची पाळी यायची तेव्हा त्याला वाजवू देत होते.

चाल संपली. बाबांच्या कानापर्यंत पाणी ओघळलं होतं. मी पुसलं नाही. दारातच बसून राहिले, आणि मलाही जे रडायचं होतं ते सगळं रडून घेतलं.

'नाव न लिहिण्याच्या अटीवर.' हट्टी म्हातारा!

२७ फेब्रुवारी, रविवार

टॉवेल काढला. काल सुटेना, गाठी फार घट्ट मारल्या होत्या. आज दोरी कात्रीने कापली.

इगाराशी-सानना फोन केला: ६ तारखेला चार तास बसायला नको, चाकाची खुर्ची तेवढी आणा. कठडा वर ओढला की खाटेतून निघतो, पाहिलं. देवळात तोही न्यायचा.