भाषणात नसलेली मुलगी

बारामती
४ डिसेंबर २०२४

ती. दगडाबाई यांस,
मालतीचा नमस्कार.

मालती म्हणजे निरवांगीच्या शिवराम गुरुजींची थोरली. तुम्ही ओळखलंच असेल. तरी लिहिलं, कारण हे पत्र तुमची सून म्हाळसा वाचून दाखवणार आणि तिची-माझी ओळख नाही. म्हाळसाबाई, जरा मोठ्यानं वाचा.

तुमची तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? इकडे ठीक. शाळेतून निवृत्त झाले. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. मिहिर इथल्याच एमआयडीसीत नोकरीला आहे. माझी व्याख्यानं चालू आहेत, गेल्या महिन्यात डाळजला होते. बाया अजून बसायला सतरंजी कमी पडेल इतक्या येतात.

पत्राचं कारण माझी सून अबोली. गेल्या रविवारी ती आणि मिहिर तुमच्याकडे येऊन गेले, हे मला सोमवारी कळलं. तिला नववा लागला आहे. मूल पायाळू आहे. डॉक्टरांनी दवाखान्यातच यायला सांगितलंय, कदाचित पोट उघडावं लागेल म्हणाले. तिनं तुम्हाला काय विचारलं ते तुम्हाला माहीतच आहे. माझा भाऊ आबाजी याच्या घरी, निरवांगीला, तुमच्या हातून बाळंतपण करायचं तिनं ठरवलं आहे.

हट्टी पोरगी म्हणून सोडून देता आलं असतं. पण तिला आई नाही. धाकट्या भावाच्या वेळी तिची आई दवाखान्यात गेली ती परत आली नाही. अबोली सात वर्षांची, व्हरांड्यात आईच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. परवा मला म्हणाली, "आई, मला माहेर नाही. तुमचं माहेर तेच माझं." यावर कोणती सासू काय बोलेल?

तुमचं नाव तिनं माझ्याच व्याख्यानात ऐकलं. 'बाईचं पोट, कुणाचं दुकान?' हे ते व्याख्यान. गरज नसताना बाईच्या पोटावर सुरी चालवणाऱ्यांविरुद्ध मी सत्तावीस वर्षं बोलते आहे आणि त्यातला एक शब्द मागे घ्यायला तयार नाही. सातबाऱ्यावर बाईचं नाव नाही, दारावरच्या पाटीवर नाही. निदान तिच्या देहावर तरी... पाहा, पत्रातही सुरू झालं.

पण पायाळू मूल, पहिलटकरीण, आणि तुमचं वय. म्हणून एक विनंती. तुम्ही तिला नाही म्हणून कळवा. हात थरथरतात म्हणा, डोळ्यांना दिसत नाही म्हणा. कारण कोणतंही चालेल. तुमचं ती ऐकेल.

घरी सर्वांना नमस्कार.

आपली,
मालती


बारामती
८ डिसेंबर

दगडामावशी,

म्हाळसाचा फोन आला. तुमचे शब्द तिनं जसेच्या तसे सांगितले. "तिला म्हनावं, दगडीचं हात तवाबी थरथरत न्हवतं आन आताबी न्हाईत. एकदा माज्या हातावर ढकाललंस, तेवढं पुरं झालं."

बिचारी म्हाळसा. तिला अर्थ कळला नव्हता. "म्हंजी काय वो बाई?" असं विचारत होती. मी म्हटलं, लिहून कळवते. तोंडानं सांगायला गेले की माझं व्याख्यान होतं, आणि व्याख्यानात मी काय करते ते तुम्ही ऐकून असाल. म्हणून लिहिते आहे. तिनं हे वाचावं. तिलाही कळू दे.

मिहिरच्या वेळी, त्या सकाळी तुम्ही माझ्या पोटाला तेल लावून दोन्ही हात फिरवलेत आणि मधेच थांबलात. म्हणालात, "मालू, दोन हायती. येक सरळ हाय, येक आडवं. हे माज्याच्यानं व्हायचं न्हाय. जीप सांग, बारामतीला चल." मी पंचवीस वर्षांची. वक्तृत्वाच्या ढाली कपाटावर मावत नव्हत्या. बाईचं शरीर आपलं काम आपण जाणतं, असं सांगणारी पुस्तकं वाचून झाली होती. कळा येत असतानासुद्धा मी तुम्हाला दहा मिनिटं बोलले. शेवटी म्हणाले, "मावशी, तुमची हिंमत गेली असेल तर तसं सांगा."

तुमचा चेहरा पडला. तुम्ही पदर खोचलात आणि पाणी तापवायला सांगितलंत.

मिहिर दहा वाजता झाला. रडला, बाहेर आबाजीनं साखर वाटली. मग दुसरीचा हात बाहेर आला.

जीप यायला साडेबारा वाजले. बारामतीला तासाभरात पोचता येतं, असा आम्ही हिशेब केला होता. तो हिशेब दसऱ्याच्या आधीचा. कारखाना सुरू झाल्यावर त्या रस्त्याचं काय होतं, हे निरवांगीत जन्मलेल्या मुलीला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? दिवस कधी भरणार ते बोटांवर मोजलं, ते दिवस हंगामात येतात हे एवढ्या घरात कुणी मोजलं नाही. उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली. पुढे जाता येईना, वळायला जागा नाही. गाडीवानांनी बैल सोडले आणि एकेक भरली गाडी खांद्यानं ढकलून बाजूला घेतली. ऊसतोडीच्या एका बाईनं मला तिच्या तांब्यातलं पाणी पाजलं. दवाखाना आला तेव्हा तीन वाजून गेले होते.

मुलगी होती. रडली नाही. डोक्यावर दाट केस होते. तुम्ही तिला तुमच्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलंत, एकदा माझ्या तोंडापाशी आणलंत आणि घेऊन गेलात. कुठे ते मी विचारलं नाही.

आठवड्यानंतर आमच्या ओट्यावर माणसं बसली होती आणि माझे वडील त्यांना म्हणाले, "दगडाबाईनं वेळेवर सांगितलं नाही." मी आत बाळाला घेऊन पडले होते. मधे फक्त एक भिंत. एका वाक्याचं काम होतं. जी बाई पुढे हजारो वाक्यं बोलली, तिच्या तोंडून ते एक निघालं नाही. त्यानंतर निरवांगीत तुम्हाला कुणी बाळंतपणाला बोलावलं नाही. लोकांच्या शेतात तण काढायला, भांगलायला जायला लागलात, असं ऐकलं.

सहा वर्षांनी मी पहिलं व्याख्यान दिलं. मिहिरचा जन्म सांगितला आणि बायांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या खेपेला मुलगीही सांगायची असं ठरवून उभी राहिले. तिच्यापर्यंत आले आणि समोरचे उजळलेले चेहरे पाहून तिला सोडून पुढे गेले. मग तिच्यापाशी थांबणंच बंद झालं. ह्यांना सगळं माहीत होतं. ते शेवटच्या रांगेत बसायचे आणि मिहिरचा जन्म सुरू झाला की उठून चहाला जायचे. तेवीस वर्षं. मी विचारलं नाही, ते बोलले नाहीत.

तुमचं नाव मात्र प्रत्येक वेळी घेतलं. 'माझी दगडामावशी, जिच्या हाताला यश होतं.' मला वाटायचं, गावानं तुमचं काढून घेतलेलं मी माइकवरून परत देते आहे.

काल अबोलीला सांगितलं. तिच्यासमोर बसून, आवाज खाली ठेवून, सगळं. ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली.

"आई," म्हणाली, "परवापर्यंत एक होतं. आज दोन झाली?"

"खरं सांगते आहे गं."

"डॉक्टरांनी शिकवलं का असं सांगायला? काही कागद आहे? नोंद आहे?"

नाही. दवाखान्याचा कागदही मी ठेवला नाही.

"तुमचं भाषण मला तोंडपाठ आहे. त्यात मुलगी कुठंच नाही." मग मेथीच्या काड्या गोळा करून उठली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मला घाबरवायला एवढं वाईट बोलू नका. माझ्या काळजीनं बोलताय, कळतंय मला."

तिनं मला माफ केलं, मावशी. मी खोटं बोलते आहे असं समजून माफ केलं.

आबाजीला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, आता जुनं कशाला उकरतीस? आमच्या पोरांनीबी तुझंच भाषण ऐकल्यालं हाय." गावातली जाणती माणसं गेली. राहिले त्यांना माझंच खरं वाटतं. ती मुलगी पाहिलेली माणसं आता दोनच उरली, तुम्ही आणि मी. माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, याची व्यवस्था मीच केली.

तुम्ही तिला सांगाल का? थरथरत्या हाताचं नको. जे झालं ते.

मला ओवाळून टाकलंत तरी हे मागणं फिरवू नका.

तुमची,
मालू


बारामती
१३ डिसेंबर

दगडामावशी,

तुमचा निरोप पोचला. "आदी पोराला सांग. त्याच्या माघारी त्याच्या बायकूला मी सांगायची न्हाय."

काल दुपारी मिहिर जेवायला घरी आला तेव्हा सांगितलं. तो अर्धी भाकरी हातात घेऊन ऐकत राहिला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर मला उत्तर देता आलं असतं. वादात मी कधी हरले नाही. तो म्हणाला, "माझ्या वाढदिवसाला तू सकाळी मला ओवाळायचीस आणि संध्याकाळी जेवायची नाहीस. मला वाटायचं, उपास आहे."

मग विचारलं, "कुठं आहे ती?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. दगडामावशींना माहीत आहे. तो हात धुऊन उठला.

अबोली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. या वेळी तिनं कागद मागितला नाही. तिनं मिहिरच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तेवढ्यावर तिला पटलं. जड पोट धरून ती खाली फरशीवर बसली.

"आई, दवाखान्याची भीती मला आधीपासून होती," म्हणाली. "घर तेवढं उरलं होतं. तेपण तुम्ही आज काढून घेतलंत."

मी म्हणाले, "दवाखान्यातच चल. मी सोबत असेन. आठ दिवस आधी नेऊन ठेवू, रस्त्याचा प्रश्न नको. चांगले डॉक्टर आहेत, मी स्वतः चौकशी..."

"चांगले?" ती म्हणाली. "सत्तावीस वर्षं तुम्ही त्यांना काय म्हणत होतात?"

"सगळे तसे नसतात."

"हे भाषणात होतं का?"

नव्हतं, मावशी. एक वाक्य टाकलं असतं तरी चाललं असतं, की कधी कधी जावं लागतं. ते टाकलं तर टाळ्या अर्ध्याच पडतात.

तिला पटवायला मी तोंड उघडलं, आणि माझ्याकडे एकही असं वाक्य नव्हतं जे तिनं आधी माझ्याच तोंडून उलटं ऐकलं नव्हतं. तिच्याजवळ जाऊन बसले. ती सरकली नाही, पण माझ्याकडे टेकलीही नाही. बाळ लाथ मारत होतं. तिच्या गाऊनवरून दिसत होतं.

शेवटी म्हणाली, "आईकडे गेले तर दवाखाना, तुमच्याकडे आले तर घर. दोन्हीकडून कोणीतरी परत आलंच नाही. मी कुठं जाऊ ते तुम्ही नका सांगू. त्या सांगतील. त्यांनी तुम्हाला खरं सांगितलं होतं."

म्हटलं, सोनोग्राफीत सगळं दिसलंय, आणखी काय सांगणार त्या? तर म्हणाली, "मशीननं मला काही सांगितलं नाही. डॉक्टरांना सांगितलं."

उद्या सकाळी दोघं तुमच्याकडे निघत आहेत, हे पत्र त्यांच्याच हाती देते. मीही जायचं म्हणून बाहेरच्या चपला काढून ठेवल्या होत्या. मिहिर म्हणाला, "तू नको. तू असलीस की सगळे तुझ्याकडेच बघतात." रागावून नाही बोलला. नुसतं सांगितलं. मी चपला परत कपाटात ठेवल्या.

तिच्या पोटावर हात ठेवल्यावर तुम्हाला जे कळेल ते तिला सांगा. माझ्याकडून काही सुचवत नाही. दवाखान्यात जा, हेच तुम्ही सांगाल असं माझं मन म्हणतं. पण माझ्या मनानं सांगितलेलं आजवर किती जणींनी ऐकलं आणि त्यांचं पुढे काय झालं, हे मी कधी जाऊन पाहिलं नाही. व्याख्यान संपलं की मी एसटी पकडायची. डाळजला पहिल्या रांगेत एक पोरगी बसली होती, पाचवा-सहावा महिना असेल. टाळ्या वाजवताना तिचे हात पोटाच्या वर होते. तिचं नाव मला माहीत नाही. कालपासून ती सारखी डोळ्यांसमोर येते.

पुढच्या शनिवारी सणसरला तेच व्याख्यान ठेवलं आहे. नाही म्हणून कळवायला फोन केला, आणि कारण विचारल्यावर घसा बसल्याचं सांगितलं. अजूनही मावशी, अजूनही तेवढंच जमलं.

मिहिरला ती जागा दाखवा. तिथे काही उगवलं असेल, नांगर फिरला असेल, तरी दाखवा. त्यानं तिला काही नाव ठेवलं तर ते मला कळवायचं की नाही, ते त्याचं त्यानं ठरवावं.

उद्या मी घरीच आहे. फोन उशाशी ठेवीन. कुणी केला नाही तरी मी कुणाला करणार नाही.

दोन लेकरांची आई,
मालती