शेवटच्या गाण्यातले ड्रम

३ मार्च
आजपासून समीक्षक. जुन्या रेकॉर्ड विकणारा दुकानदार म्हणाला, तासतासभर उभं राहून सगळ्यांना नावं ठेवता, तेच लिहून द्या. क्लासिक रॉक आणि हेवी मेटल. प्रत्येक अल्बमला पाच ओळी, कार्ड कव्हरला चिकटवणार. संकल्प: शंभर दिवस, शंभर अल्बम. सात वर्षं टाइल्सच्या शोरूममध्ये गिऱ्हाइकांना मॅट आणि ग्लॉसीतला फरक समजावून कुजलेला हा माणूस शेवटी कोणाला तरी कळला. बायकोला सांगितलं. तिने विचारलं, शंभर रेकॉर्ड ठेवणार कुठे? या घरात कलेची कदर शून्य.

५ मार्च
पहिला अल्बम. कव्हरवर कवटी, कवटीत साप, सापाच्या तोंडात तलवार. गायक गातोय की दारात बोट सापडलंय, कळायला मार्ग नाही. अगदी तसंच लिहिलं. वाचून स्वतःच हसलो.

११ मार्च
तीन झाले. व्हायला हवे होते नऊ. दोष शोरूमचा. स्टॉक तपासणी चालू आहे. दिवसभर बाथरूमच्या टाइल्स मोजून आल्यावर चौदा मिनिटांचा ऑर्गन सोलो कोणाचा बाप ऐकेल?

१२ मार्च, सकाळ
पद्धत बदलली. अख्खा अल्बम ऐकणं हे हौशी माणसाचं लक्षण. जाणकाराला शितावरून भाताची परीक्षा येते. पहिलं गाणं, कव्हर आणि वादकांच्या मिशा. बास.

१८ मार्च
एका बैठकीत अकरा! त्यातला एक इथल्याच चार पोरांचा, चाळीस वर्षांपूर्वीचा, एकुलता एक. कव्हरवर चौघं पाण्याच्या टाकीवर उभे. प्लॅस्टिकसुद्धा फाडलं नाही, मिशाच पुरेशा होत्या. लिहिलं: 'शेवटचं गाणं बरं झालं असतं, पण ड्रमरने भांडी आपटून त्याचा जीव घेतला. यांना टाकीवरून खाली उतरवलं कोणी?' आजवरचं माझं सर्वोत्तम. दुकानदार हसला नाही. दगड.

२४ मार्च
दुकानदाराची कुरकुर. लोक कार्डं वाचतात, खिदळतात आणि रेकॉर्ड जागेवर ठेवून जातात. म्हणजे कार्डं काम करताहेत! याला एवढंही कळू नये? संकल्प: आणखी कडक लिहायचं.

२८ मार्च, दुपार
दुकानात लिफ्ट दुरुस्त करणारा एक म्हातारा वाट बघत होता. निळ्या शर्टवर आमच्या शोरूमच्याच लिफ्ट कंपनीचं नाव, खिशात टेस्टर, नखांत ग्रीस. हातात माझं कार्ड. चाहता! सही द्यायला पेन काढलं.
तो म्हणाला, टाकीवर डावीकडून दुसरा तो मी. ड्रमर. भांडायला नाही आलो. भांड्यांचं तर खरंच आहे, आमच्याकडे धड ड्रमसेट कुठे होता? फक्त एक विचारायचंय. शेवटच्या गाण्यात ड्रम कुठे ऐकू आले?
म्हटलं, सगळीकडेच.
तो म्हणाला, त्यात ड्रम नाहीतच. त्या सकाळी माझी आई गेली. मी स्टुडिओत पोचलोच नाही. तिघांनी माझी जागा रिकामी ठेवून वाजवलं. मला ते गाणं ऐकायचं धाडस कधी झालं नाही. पण तुमचा कान तयार दिसतो, तुम्हाला खरंच काही ऐकू आलं असेल तर सांगा.
टोमणा असता तर मी सोलून काढला असता. पण तो खरोखर विचारत होता. म्हटलं, लंच टाइम संपला. निघून आलो. रेकॉर्ड मात्र काखेत घेऊन.

२८ मार्च, संध्याकाळ
चूक दुकानदाराची. आधी सांगायला नको, की ड्रमर जिवंत आहे? जुन्या रेकॉर्डवरच्या धुळीने खरखर होते, ती ड्रमसारखी वाटू शकते. पण धूळ प्लॅस्टिकवर होती. बायकोला सगळं सांगितलं. तिने कात्री आणून समोर ठेवली.

२९ मार्च
प्लॅस्टिक कापलं. रेकॉर्ड लावली नाही. शोरूमच्या लिफ्टमध्ये दुरुस्तीवाल्याचा नंबर असतो, तो लावला. तोच निघाला. कबूल केलं, की मी ते गाणं ऐकलेलंच नाही.
तो म्हणाला, म्हणजे आपण दोघंही सारखेच.
रविवारी येतोय, ऐकायला. बायकोने मला बजावलंय: गाणं संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही.
बरं म्हटलंय.